माहेरची वाटी

झाशीतल्या सोनाराच्या घरची मी सून, हे कळलं की बाहेरगावचा माणूस हमखास एकच प्रश्न विचारतो. "राणीसाहेबांचे दागिने तुमच्याकडे होते का हो?" नाशिकहून लग्न होऊन आले तेव्हा माझ्या सख्ख्या मामीनंसुद्धा मला कोपऱ्यात घेऊन हेच विचारलं होतं. नव्हते हो! असते, तर चाळीस वर्षं सराफ्यातल्या त्या पाच हात गादीवर मांडी घालून मी बायकांचे पंजे दाबत बसले असते का?

राणीसाहेबांच्या नथी मात्र मी पुष्कळ पाहिल्यात. झाशीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली जी मराठी घरं आहेत, त्यांतल्या दर दुसऱ्या घरात एक नथ असते आणि ती राणीसाहेबांनी हळदीकुंकवाला यांच्या खापरपणजीला दिलेली असते. एवढ्या नथी घालायच्या तर राणीसाहेबांना नाकं तरी किती हवी होती! एकदा एक आजी अशीच नथ मोती बदलायला घेऊन आल्या. मी तार बघितली आणि मला हसू आवरेना. तारेला शेवटचा पीळ उलटा द्यायची खोड आमच्या मामंजींची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची. नथ त्यांच्याच हातची होती. आजी माझ्या तोंडाकडे टक लावून बसलेल्या. मी म्हटलं, "आजी, जपा हो हिला. असा हात आता राहिला नाही." खोटं काय बोलले? आतल्या खोलीत मामंजी ऐकत होते. पुढं दोन दिवस ते घरात मान ताठ करून फिरत होते.

मी दुकानात आले ती ठाकूर घरांतल्या बायकांमुळे. त्या घूंघटात. परक्या पुरुषाच्या हातात हात कसा देणार? मग घरून दोऱ्याचं माप यायचं, त्यावर कंगन व्हायचे आणि आठ दिवसांनी परत यायचे, "चढत नइयाँ." मामंजी वैतागले. एक दिवस स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडले, "सूनबाई, कणीक राहू दे. जरा यांचा हात बघ." हात धुऊन गादीवर बसले ती बसलेच.

बांगडीचं माप मनगटाचं नसतं, हे पहिल्यांदा ध्यानात घ्या. अंगठा तळव्यात मुडपला की पंजा जिथं सगळ्यात रुंद होतो, तिथलं ते माप. कुणाचं हाड लोण्यासारखं दबतं, कुणाचं दगड. डोळे मिटून पंजा दाबला की मला आकडा कळायचा. अंगठीचं वेगळंच. झाशीच्या मे महिन्यात दुपारी माप घ्याल तर पौषात अंगठी मोरीत वाहून जाईल. म्हणून मी म्हणायची, संध्याकाळी या, निवांत. आणि मोती सगळ्यात शेवटी अंगावर चढवायचे, सगळ्यात आधी उतरवायचे. अत्तर नको, साबण नको. ओल्या मलमलीनं पुसले की झालं. नगरा म्हणजे इथली रेल्वेची वस्ती, तिथल्या एका फायरमनच्या बायकोनं भाचीच्या लग्नासाठी तन्मणी उजळायचा म्हणून सोड्याच्या पाण्यात उकळला. माझ्यासमोर पुडी सोडली तर मोत्यांचं पार पीठ पडायला आलेलं. मी म्हटलं, "बाई गं, उसळ करायची होती का?" ती आधी रडली आणि मग माझ्याबरोबर हसायला लागली.

रेल्वेतल्या बायका हे माझं दुसरं गिऱ्हाईक. कोळशाच्या इंजिनांचे दिवस. कुणी भुसावळची, कुणी नागपूरची, नवऱ्याच्या बदलीबरोबर आलेली. शेजारीपाजारी सगळं हिंदी, मुलं मराठीत विचारलं की हिंदीत उत्तर देणारी. काम असायचं पाच मिनिटांचं आणि बसायच्या दोन तास. बहुतेकींचं काम म्हणजे मंगळसूत्र नव्या दोऱ्यात ओवून घ्यायचं. घामानं दोरा कुजतो, वर्षाला एकदा बदलावा. आणि हो, आमच्या गादीवर मंगळसूत्र "तुटलं" असं कुणी म्हणायचं नाही. "वाढलं" म्हणायचं. नवी मुलगी चुकून तुटलं म्हणाली की मी तिला उठून बाहेर जायला लावायची आणि परत आत येऊन नीट बोलायला सांगायची. अशी मी खट होते! नियमाला पक्की. त्याच पक्केपणानं एकदा केवढा घोटाळा केला, ते सांगायलाच आज बसलेय.

मराठी मंगळसूत्रात सोन्याच्या दोन वाट्या असतात, हे तुम्हाला सांगायला नको. एक सासरची, एक माहेरची. मामंजींचा दंडक होता की दोन घरांचं सोनं एका मुशीत आटवायचं नाही. वाट्या जुळ्या दिसू देत, पण सोनं आपापल्या घरचं.

एक दिवस एरचहून एक बुंदेली बाई आली. पन्नाशीची, उंच, पायांत चांदीचे जाड तोडे. तिचं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही. इकडे बाईला गावावरूनच हाक मारतात, ती एरचवाली. रुमालातून तिनं आपल्या गळ्यातला जुना सोन्याचा दागिना काढून पुढं ठेवला. म्हणाली, "बिन्नू, हमाई बहू मराठन आय. तुमाए इतै जौन सुहाग पैरत हैं, ओई बना दो."

सून मराठी म्हणून तिला मराठी मंगळसूत्र करून हवं होतं. बहू म्हणजे दामले गार्डांची शैला, हे दोन वाक्यांतच कळलं. दामले मालगाडीवर गार्ड. रेल्वेतला हा माणूस असा की दोनदा तपासल्याशिवाय हिरवी झेंडी दाखवणार नाही, आणि घरातही बहुधा लालच दाखवणार. ते लाइनवर गेलेले असताना शैलानं शाळेतल्या एका बुंदेली मास्तरशी लग्न केलं आणि चिठ्ठी ठेवून गेली. गार्डसाहेब परत आले, चिठ्ठी वाचली, आणि त्या दिवसापासून घरात तिचं नाव काढायचं नाही असं ठरलं. ही गोष्ट सगळ्या मराठी मंडळींना ठाऊक होती.

मी एरचवालीला वाट्यांची रीत सांगितली. ती म्हणाली, "तो दूसरी हमई दे दें. मताई-बाप नईं आए तो का भओ, हम तो हैं."

आईबाप आले नाहीत तर दुसरी वाटीही हीच देणार! काय मोठं मन बघा! कुणीही शहाण्या बाईनं तिचे हात धरले असते. मी काय म्हणावं? "अम्मा, वो नहीं चलता. आपकी एक मैं बनाऊँगी. दूसरी मायके से ही आती है." ह्यांनी, म्हणजे माझ्या यजमानांनी, शेगडीपलीकडून डोळे वटारले. मी लक्ष दिलं नाही. एकच वाटी केली आणि दुसरीच्या जागी सोन्याचा मणी ओवला. मला वाटत होतं, मी पोरीची जागा राखून ठेवतेय. वाटी येईल तेव्हा जागा तयार!

शैला दर वर्षी दोरा बदलायला यायची. मास्तर इलाइट चौराह्याजवळ दोन खोल्या घेऊन राहायचा, तिथून ती चालत यायची. "काकू, आहे तसंच ओवा," म्हणायची. मला पुष्कळ उशिरा कळलं की एरचला सणासुदीला गेली की तिथल्या बायका विचारायच्या, ए मराठन, एकच कटोरी का गं? आणि झाशीतल्या मराठी बायका तर काही विचारायच्याच नाहीत, नुसत्या बघायच्या. पोरगी मे महिन्यातसुद्धा गळ्याभोवती पदर गुंडाळून असायची. मीच तिच्या गळ्यात तिचं उणं अडकवून ठेवलं होतं.

तिसऱ्या वर्षी दामलेवहिनी आल्या, शैलाची आई. त्यांचं मंगळसूत्रही मीच ओवायची. दरवेळी दोन्ही वाट्या तळहातावर घेऊन सांगायच्या, "ही लहान आमच्या वाईची, ही मोठी ह्यांच्या घरची." त्या दिवशी त्यांनी कानातल्या मोत्याच्या कुड्या काढल्या आणि माझ्या ओंजळीत टाकल्या. "वहिनी, मोती काढून ठेवा. सोन्याची एक वाटी करा आणि पोर आली की ओवा. कुणी विचारलं तर कुड्या विहिरीत पडल्या म्हणेन."

मी विचारलं, "गार्डसाहेबांना ठाऊक आहे?"

त्यांनी माझी ओंजळ कुड्यांवर मिटवली.

"मग ती माहेरची कशी हो? चोरून दिलेल्याला माहेर म्हणायचं का?"

मी हे बोलले. या तोंडानं. मला वाटलं, त्या घरी जातील, भांडतील, त्यांचा होकार घेऊन येतील. त्यांनी कुड्या उचलल्या, पुन्हा कानात घालायला गेल्या, तर फिरकी बसेना. मीच बसवून दिली. "बरोबर आहे तुमचं," म्हणाल्या आणि गेल्या. दीड वर्षानं छातीच्या दुखण्यानं रेल्वेच्या इस्पितळातच वारल्या. शैला खाली फाटकापाशी उभी होती म्हणतात. वर जायचं धाडस झालं नाही तिला.

पुढं महिन्याभरानं गार्डसाहेब दुकानात आले. इस्त्रीचे कपडे, हातात घड्याळ, सगळं जागच्या जागी. फक्त दाढीचा एक पट्टा राहून गेलेला. त्यांनी पुडी ठेवली. "वहिनी, हे मोडायचंय. तिच्या नावानं देवळात काहीतरी देईन."

पुडीत दामलेवहिनींचं मंगळसूत्र होतं. मी ओवलेलं.

"गार्डसाहेब, त्या सवाष्ण गेल्या. सवाष्णीचं मंगळसूत्र मोडत नाहीत, लेकीला देतात."

"मला लेक नाही."

"मग पाच वर्षं माझ्याकडे कोण येतंय?"

त्यांनी उठायची तयारी केली. हा माणूस आता गेला तर दुसऱ्या सोनाराकडे जाईल, वाट्या आटतील आणि संपलं. मग मी सगळं ओकून टाकलं. एरचवाली दुसरी वाटी द्यायला तयार होती, मी घेतली नाही. पोरीच्या गळ्यात मणी ओवला. आणि दामलेवहिनी कुड्या घेऊन आल्या होत्या, मी त्यांना परत पाठवलं.

गार्डसाहेब खाली बसले. पुडीचा कागद सरळ करू लागले. "मला नाही सांगितलं तिनं."

"सांगितलं असतं तर?"

"नाही म्हटलं असतं." आणि मग घड्याळाच्या पट्ट्याशी चाळा करत म्हणाले, "शैलानंही चिठ्ठीच ठेवली. तोंडानं नाही सांगितलं. वहिनी, घरात सगळे मला एवढे घाबरत होते का हो?"

मी तांब्यानं पाणी ओतून भांडं पुढं केलं. ते त्यांनी घेतलं नाही.

"नियमानं मुलीला यातली कुठली लागते?" त्यांनी विचारलं.

"ही मोठी. तुमच्या घरची."

"आणि ही?"

"ही दामलेवहिनींच्या माहेरची. तिच्यावर तुमचाही हक्क नाही आणि माझाही नाही. तीही लेकीचीच."

"मग ओवा दोन्ही. मी निघतो."

झालं की काम! पुडी माझ्या हातात होती. मामंजी असते तर म्हणाले असते, घे देवाचं नाव आणि बैस ओवायला. पण दामलेवहिनींची ती न बसणारी फिरकी डोळ्यांपुढून जाईना. मी म्हटलं, "असं नाही चालत. माहेरची वाटी ओवताना माहेरचं माणूस समोर बसावं लागतं."

"असा नियम आहे?"

"आहे तर!"

"मी कधी ऐकला नाही."

"बायकांचे नियम तुमच्या रेल्वेसारखे छापलेले नसतात, गार्डसाहेब. गुरुवारी अकरा वाजता या."

आज शपथेवर सांगते, असा कुठलाही नियम नाही. उभ्या आयुष्यात मी केलेला तो एकमेव नियम, आणि तोही बसल्या जागी. ते निघून गेल्यावर हे शेगडीपलीकडून म्हणाले, "खोटारडे!" पण म्हणाले ते इतक्या प्रेमानं की मी लाजलेच.

गुरुवारी पावणेअकरालाच गार्डसाहेब हजर. थोड्या वेळानं शैला आली. मी निरोपात बाबांचं काही कळवलं नव्हतं. ती उंबऱ्यातच थबकली. मागून एरचवाली होती. सून माघारी वळणार हे तिनं ओळखलं असावं. पाठीवर हात ठेवून तिनं सुनेला सरळ आत ढकललं.

सगळे बसले. शैलानं गळ्यातलं उतरवून माझ्याकडे दिलं. मी दोरा कापला, मणी काढला. गार्डसाहेब माझ्याकडे बघून म्हणाले, "वहिनी, तिला विचारा, ठीक आहे ना सगळं."

शैला माझ्याकडे बघून म्हणाली, "काकू, सांगा त्यांना, ठीक आहे."

"बारीक झालेली दिसते म्हणावं."

"सांगा, आधीपासूनच तशी आहे."

मी मधे बसून नुसती मान इकडून तिकडे फिरवत होते. एकेक काळा मणी मुद्दाम सावकाश ओवत होते. पाच मिनिटांच्या कामाला मी पाऊण तास लावला, तरी बाप लेकीशी आणि लेक बापाशी बोलेना. शेवटी दामल्यांची वाटी एरचवालीच्या वाटीशेजारी आली. एरचवालीची नवी, घसघशीत. दुसरी झिजलेली, किंचित पोचा आलेली. तिच्या शेजारी वाईची धाकटी. गार्डसाहेबांनी मी आज पुन्हा भरून ठेवलेलं भांडं उचललं आणि घटाघटा पाणी प्यायले.

एरचवाली एवढा वेळ त्या वाट्यांकडे बघत होती. ते पाणी प्यायले मात्र, बाईनं पदर पुढं ओढला, मांडी सावरली आणि हळू पण खणखणीत आवाजात सुरू केलं:

"समधी हमाए ऐसे गुमानी, पाँच बरस में पियो है पानी..."

माझी सुई हातातच राहिली. समधी म्हणजे व्याही, गुमानी म्हणजे तोऱ्यातला. ही गारी होती. बुंदेलखंडात लग्नात व्याही जेवायला बसला की बायका त्याला नावं ठेवणारी गाणी म्हणतात, त्याच्या मिशीपासून त्याच्या आईपर्यंत कुणालाच सोडत नाहीत. शैलाच्या लग्नात व्याही आलाच नव्हता. ही म्हणणार कुणाला? पाच वर्षं तिच्या पोटात राहिली होती ती गारी. आता एकेक कडवं बाहेर पडायला लागलं. समधी अकडू, समधी टेढे, समधीची झेंडी फाटकी, समधीची शिटी बसकी. ती जागच्या जागी जोडत होती आणि पदराआडून हसत होती. बाहेर रस्त्यावर दोघीतिघी थांबून ऐकायला लागल्या.

गार्डसाहेबांचे कान लालबुंद. शब्द सगळे कळत होते, रीत कळत नव्हती. इतक्या वर्षांत यांच्यापुढं कुणी ब्र काढला नव्हता. ते उठणार असं वाटून शैला घाबरी झाली. "काकू, त्यांना सांगा ना, रागवू नका म्हणावं. आपलं मानतात त्यालाच गारी म्हणतात."

मी काही सांगितलं नाही. ऐकलं होतं त्यांनी. ते उठले नाहीत. मान खाली घालून सगळी कडवी ऐकली. एरचवालीचा दम संपला तेव्हा त्यांनी वर बघितलं. माझ्याकडे नाही, लेकीकडे.

"शैलू," ते म्हणाले, "तुझी आई हवी होती गं. मला कुणी एवढं बोलतंय हे बघून पोट धरून हसली असती."